मदत करणाऱ्याला पुढचं कळवा: सोलापुरात नोकरी शोधताना आभार कुणाचे, कधी आणि कसे मानावेत

नोकरीसाठी शब्द टाकणारं माणूस सोलापुरात फार शोधावं लागत नाही. आईच्या भिशीतल्या काकू, वडिलांबरोबर टॉवेलच्या कारखान्यात काम केलेले अण्णा, डिप्लोमाच्या वर्कशॉपचे सर, मामाच्या खानावळीत जेवायला येणारा चिंचोळी एमआयडीसीतला सुपरवायझर. कुणी ना कुणी कुणाला तरी ओळखत असतं. "बायोडाटा पाठव, बघतो" असं म्हणणारे पाच-सहाजण प्रत्येकाला भेटतात. बायोडाटा जातो, आणि त्यानंतर त्या माणसाला काहीच कळत नाही. फोन आला का? मुलाखत झाली का? मुलगा गेला तरी का? दोन-तीन महिन्यांनी एखाद्या लग्नात गाठ पडते तेव्हा उत्तर मिळतं, "ते होय, ते तेव्हाच झालं की." तो माणूस काही बोलत नाही. पण पुढच्या वेळी "बघतो" म्हणतो आणि बघत नाही.

बंद होणारी बहुतेक दारं अशी बंद होतात. भांडण होत नाही, अपमान होत नाही, नुसतं कळवायचं राहून जातं.

आपल्याकडे जवळच्या माणसाला "धन्यवाद" म्हटलं तर तो "मला परका समजतोस काय?" म्हणून रागावतो, आणि त्याचं रागावणं बरोबरही असतं. त्यामुळे या लेखात आभार म्हणजे गोड शब्द, असं धरलेलं नाही. ज्यानं मदत केली त्याला त्या मदतीचं पुढे काय झालं हे वेळेवर सांगणं, याला आम्ही आभार म्हणतो. शब्द साधे असले तरी चालतात.

दूरच्या ओळखीचं माणूस का महत्त्वाचं

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक अभ्यास आजही या विषयात पाया मानला जातो. बोस्टनजवळच्या न्यूटन भागात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याच्या ओळखीतून ही जागा कळली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं सांगणारे १६.७ टक्के होते. अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी म्हणणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे. रोज भेटणाऱ्या मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं. नवी बातमी वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून येते.

अडचण अशी की, दूरच्या माणसाशी नातं टिकवायला रोजचा चहा नसतो, शेजार नसतो. मदतीनंतर तुम्ही जे कळवता तेवढाच काय तो धागा. घरच्या काकांना कळवलं नाही तरी ते काकाच राहतात. वडिलांच्या जुन्या सहकाऱ्याला कळवलं नाही तर तिथं पुन्हा जायला तोंड राहत नाही.

"असा मेसेज केला तर ते काय म्हणतील?" हा संकोच बहुतेकांना असतो. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. कृतज्ञतेचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना त्या अंदाजापेक्षा कमी अवघडलं आणि जास्त आनंद झाला. लिहिणारा शब्द नीट जमले का याची काळजी करत बसतो, तर वाचणाऱ्याचं लक्ष आपुलकीकडे असतं. तेव्हा भाषा चांगली नाही म्हणून थांबू नका.

आधी एक वही करा

शंभर पानी वही घ्या किंवा फोनमध्ये शीट करा. पण पहिल्याच दिवशी करा. दहा जणांना बायोडाटा गेल्यावर कुणी काय सांगितलं होतं ते डोक्यात राहत नाही. रकाने सहा लागतात: तारीख, माणूस, आपण त्यांना काय म्हणतो (सर, अण्णा, भाभी, मालक), त्यांनी नेमकं काय केलं, आपण त्यावर काय केलं, आणि पुढे कधी कळवायचं.

एक ओळ भरून दाखवतो. "१२ जून. वर्कशॉपचे सर. 'सर'. अक्कलकोट रोडच्या युनिटमधल्या मेंटेनन्स इन्चार्जचा नंबर दिला. पॅनेल वायरिंग केलंय हे आधी सांग, म्हणाले. १३ ला फोन केला, १६ ला बोलावलं. १६ ला संध्याकाळी सरांना कळवायचं."

चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. तिथं "मदत केली" एवढंच लिहिलं तर वही वाया गेली समजा. दोन आठवड्यांनी संदेश लिहायला बसाल तेव्हा "तुमच्या मदतीबद्दल आभारी आहे" यापलीकडे काही सुचणार नाही, आणि असा संदेश कुणीही कुणालाही पाठवू शकतो. "पॅनेल वायरिंग आधी सांग" हे त्यांचेच शब्द परत त्यांच्या कानावर पडले, की आपलं सांगणं या पोरानं मनावर घेतलं हे त्यांना कळतं.

वहीत कुणाला घ्यायचं? नंबर देणारा, शब्द टाकणारा, शिफारसपत्र लिहिणारे सर हे तर येतातच. पण "एचआर मॅडम मंगळवारी भेटतात, आज थांबू नका" असं सांगणारे गेटवरचे सिक्युरिटी काका, पुण्यात मुलाखतीच्या आदल्या रात्री खोलीवर झोपू देणारा मित्र आणि त्याचे रूम पार्टनर, बायोडाट्यातली जन्मतारखेची चूक दाखवणारा झेरॉक्सवाला, आणि तुम्हाला नकार देताना दोन मिनिटं नीट बोललेला अधिकारी, हेही घ्या. गेटवरच्या काकांना मेसेज करायचा नसतो. पुढच्या वेळी गेलात की "काका, मंगळवारी आलो, भेट झाली" एवढं सांगायचं. कारखान्यात नवी माणसं घेणं सुरू आहे हे कधीकधी गेटवर सगळ्यात आधी कळतं.

संदेशाचा साचा: चार भाग

पहिल्या भागात मी कोण आणि कोणत्या संदर्भात. दुसऱ्यात त्यांनी नेमकं काय केलं. तिसऱ्यात त्याचा उपयोग कसा झाला. चौथ्यात पुढे काय आणि मी पुन्हा कधी सांगेन. व्हॉट्सअ‍ॅपवर हे ४० ते ६० शब्दांत बसतं.

वहीतल्या त्याच ओळीवरून तयार झालेला संदेश असा:

"नमस्कार सर, मी २०२३ च्या इलेक्ट्रिकल बॅचचा. अक्कलकोट रोडच्या युनिटचा नंबर तुम्ही दिला होता. आज मुलाखत झाली. पॅनेल वायरिंगचं आधी सांग म्हणालात, तसं सुरुवातीलाच सांगितलं. पुढचा अर्धा तास त्यांनी त्यावरच विचारलं. सोमवारी कळवतो म्हणालेत. जे होईल ते मंगळवारी तुम्हाला सांगतो."

यात "धन्यवाद" हा शब्दसुद्धा नाही, हे लक्षात घ्या. घालायचा असेल तर शेवटी घाला, पण त्याच्या जोरावर संदेश उभा नाही. "मंगळवारी सांगतो" म्हटलं असेल तर मंगळवारी सांगा. सोमवारी तिकडून फोन आला नाही, तर तेवढंच कळवा.

बिघडतं कुठे ते सांगतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आभाराच्या पोटात नवी मागणी घालणं: "आभारी आहे सर, अजून कुठे जागा असेल तर बघा ना." शेवटचं वाक्य वाचताच आधीचे आभार म्हणजे प्रस्तावना होती असं वाटतं. मागणी करायची तर निदान आठवडा जाऊ द्या आणि वेगळा फोन करा. दुसरी चूक स्तुतीची. "तुमच्यासारखा देवमाणूस नाही" हे वाचून माणूस अवघडतो. "तुम्ही नंबर दिलात म्हणून थेट इन्चार्जशी बोलता आलं" हे वाचून त्याला समाधान वाटतं. तिसरी चूक नक्कल करून चिकटवण्याची. दहा जणांना एकच मजकूर पाठवताना मॅडमना "सर" जातं, आणि त्या एका शब्दानं सगळं खोटं ठरतं. तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेजही नको. कामाच्या जागी तो कुणी ऐकत नाही.

मेसेज, फोन की भेट? ज्यांनी मेसेजवर मदत केली त्यांना मेसेज. ज्यांनी फोन करून कुणाला सांगितलं त्यांना फोन. साठीच्या पुढच्या माणसांना, आणि ज्यांनी स्वतः तुम्हाला गाडीवर बसवून कुणाकडे नेलं त्यांना, भेटच. जाण्याआधी विचारा आणि दहा मिनिटांत उठा.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट हाताशी आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरात "धन्यवादालु अण्णा", कन्नड बोलणाऱ्या काकांना "धन्यवादगळु", उर्दू बोलणाऱ्या चाचांना "शुक्रिया" हा एक शब्द त्यांच्या भाषेत म्हणा, बाकी मराठीत बोला. सोलापूरकराला चार भाषा कानावरून गेलेल्या असतात. त्या अशा वेळी कामाला लावाव्यात.

मुलाखतीनंतरचे २४ तास

मुलाखत देऊन बाहेर पडलात की घरी फोन लावायच्या आधी तीन गोष्टी लिहा: समोर कोण होतं (नाव आणि हुद्दा), कोणत्या प्रश्नावर बोलणं रंगलं, आणि कोणतं उत्तर अपुरं राहिलं. नाव ऐकू आलं नसेल तर निघताना रिसेप्शनवर विचारून स्पेलिंग लिहून घ्या. चुकीच्या नावानं गेलेला आभाराचा ईमेल न पाठवण्यापेक्षा वाईट.

सोलापूरहून पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी परतीचा प्रवास ही लिहायची उत्तम वेळ आहे. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये चारेक तास हातात असतात. दौंड मागे पडेपर्यंत मसुदा लिहा आणि तसाच ठेवा. वाटेत नेटवर्क तुटतं, शिवाय थकलेल्या डोक्यानं पाठवलेल्या ईमेलमध्ये चुका राहतात. सकाळी उठून एकदा मोठ्यानं वाचा आणि दहाच्या सुमारास पाठवा. रात्री अकराला पाठवू नका.

लांबी जास्तीत जास्त १५० शब्द. विषयाच्या ओळीत पद आणि तारीख हवी: "क्वालिटी इन्स्पेक्टर, १४ तारखेची मुलाखत, आभार." जाहिरात आणि मुलाखत इंग्रजीत असेल तर ईमेलही इंग्रजीत, पण साचा हाच ठेवा. मालकानं मराठीत मुलाखत घेतली असेल तर मराठीतच लिहा. तिथं उधार आणलेलं इंग्रजी परकं वाटतं.

या ईमेलमध्ये एक काम असं होतं जे दुसऱ्या कशानंच होत नाही: चुकलेलं उत्तर दुरुस्त करता येतं. समजा मशीन शॉपच्या मुलाखतीत शाफ्टचा व्यास कशानं मोजाल असं विचारलं आणि तुम्ही घाईत व्हर्निअर म्हणालात. मग ईमेलमध्ये असं लिहिता येतं (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक, लीस्ट काउंट म्हणजे साधनावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप):

"आदरणीय सर, काल वेळ दिल्याबद्दल आभार. लाईनवर नेऊन पहिला पीस कसा तपासतात हे तुम्ही दाखवलंत, त्यामुळे काम नेमकं काय असेल ते समजलं. शाफ्टच्या मापाबाबत मी व्हर्निअर चालेल म्हणालो होतो. परत येताना विचार केला. टॉलरन्स एकूण ०.१ मिमी असेल, तर साधन त्याच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारं हवं. ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा व्हर्निअर तिथं कमी पडतो, ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर हवा होता. माझी कागदपत्रं तयार आहेत, काही लागल्यास कळवावं."

वाचणाऱ्याला यातून दोन गोष्टी कळतात. उमेदवार चूक लपवत नाही, आणि तो घरी जाऊन विचार करतो. इन्स्पेक्शनच्या कामाला याहून चांगली शिफारस नाही. पण असा खुलासा एकाच प्रश्नाचा करा. तीन-चार उत्तरं दुरुस्त करायला गेलात तर मुलाखत किती वाईट गेली याची ती यादी होते.

समोर तीनजण असतील आणि एकाचाच पत्ता मिळाला असेल तर त्याच्याच ईमेलमध्ये बाकीच्यांना निरोप द्या. तिघांचे पत्ते असतील तर तिघांना वेगळं लिहा, कारण ते आपसात दाखवतात. कुणाचा खासगी मोबाईल नंबर दुसरीकडून मिळवून त्यावर आभार पाठवू नका. पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

एक स्पष्ट सांगायला हवं. कमी पडलेल्या मुलाखतीला आभाराचा ईमेल तारून नेत नाही. त्याचा उपयोग तीन जागी होतो: दोन उमेदवार बरोबरीचे असतील तेव्हा, निवडलेला उमेदवार ऐनवेळी रुजू होत नाही तेव्हा, आणि काही महिन्यांनी तशीच जागा पुन्हा निघते तेव्हा. दुसरा प्रसंग वाटतो त्यापेक्षा जास्त येतो. नोटीस पीरियडमध्ये बसलेल्या माणसाला दुसरीकडून जास्त पगार मिळतो आणि तो फोन उचलत नाही. तेव्हा एचआरला पुन्हा जाहिरात द्यायची नसते. ती जुनी यादी पुन्हा बघते, आणि ज्याचं नाव आठवतं त्याला फोन लावते.

नकार आल्यावर

या वेळी कुणालाच लिहावंसं वाटत नाही, म्हणूनच इथं लिहिणारा लक्षात राहतो. एक दिवस जाऊ द्या. राग उतरला की लिहा. उदाहरण अकाउंट्सच्या जागेचं घेऊ (जीएसटीआर-२बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारं विवरण):

"नमस्कार मॅडम, निवड झाली नाही हे स्वतः फोन करून सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. जीएसटीआर-२बी शी खरेदीचा ताळमेळ घालण्याच्या प्रश्नावर मी अडखळले, हे माझ्याही लक्षात आलं. ते शिकायला सुरुवात केली आहे. पुढे अकाउंट्समध्ये जागा निघाल्यास माझा विचार व्हावा."

इथं शेवटी एक विनंती आहे, आणि ती चालते, कारण ती पुढच्या काळाबद्दल आहे आणि आज कुणाला काही करायला लावत नाही. "माझं काय चुकलं ते सविस्तर सांगा" असं मात्र मागू नका. ते लिहून देणं कंपनीला अडचणीचं असतं आणि उत्तर येत नाही.

खरं काम पुढे आहे. आठ-दहा आठवड्यांनी दुसरा संदेश पाठवा: "तेव्हा जो ताळमेळ जमला नव्हता तो आता एका दुकानाच्या तीन महिन्यांच्या बिलांवर स्वतः केला." शिकला असाल तरच लिहा. ज्यानं तुम्हाला कमी पडताना पाहिलं त्यालाच तुमची प्रगती दिसते, आणि अशा माणसाचं मत नव्या ओळखीपेक्षा जड असतं.

शब्द टाकणाऱ्याचं नाव पणाला असतं

कुणी मालकाला फोन करून "पोरगा चांगला आहे, माझी जबाबदारी" म्हणतो तेव्हा तो स्वतःची पत गहाण ठेवतो. टॉवेल-चादरीचे कारखाने, गणवेशाची युनिट्स, साखर कारखाने, सगळीकडे माणसं एकमेकांना ओळखतात. तुम्ही ठरलेल्या वेळी गेला नाहीत हे मालक तुम्हाला नाही, त्यांना ऐकवतो.

म्हणून अशा माणसाला पाच वेळा कळवायचं असतं: बायोडाटा पाठवला तेव्हा, बोलावणं आलं तेव्हा, मुलाखत झाली त्या संध्याकाळी, निकाल कळला तेव्हा, आणि नोकरी घ्यायची नाही असं ठरवलं तर मालकाला सांगायच्या आधी. पहिले चार संदेश एकेका ओळीचे असले तरी पुरतात. पाचव्याला फोनच करा: "अण्णा, त्यांनी घ्यायची तयारी दाखवली. पण रात्रपाळी आहे आणि आईला दवाखान्यात न्यायला घरी दुसरं कुणी नाही. तुमचा शब्द होता म्हणून आधी तुम्हाला सांगतोय. मालकांना मी स्वतः जाऊन सांगतो." या एका फोननं नकार देऊनही नातं शाबूत राहतं. शक्य असेल तर त्या जागेसाठी लायक मित्राचं नावही सुचवा. मालकाचं काम होतं आणि अण्णांचा मानही राहतो.

मोठ्या कंपनीत ओळखीच्या कर्मचाऱ्यानं पोर्टलवरून तुमचं नाव दिलं असेल तर तुम्ही लागल्यावर त्याला कंपनीकडून बक्षिसाची रक्कम मिळू शकते. "त्याला पैसे मिळाले, आता आभार कशाला" असा हिशेब करू नका. पैसे कंपनीनं दिले. बायोडाटा वाचून नाव तुमच्यासाठी त्यानं दिलं.

शिफारसपत्र देणाऱ्या किंवा रेफरन्स म्हणून ज्यांचं नाव दिलंय त्या सरांना, कंपनीकडून चौकशीचा फोन जाण्याआधी कळवा: कंपनी कोणती, पद कोणतं, फोन कधी येऊ शकतो. आगाऊ कळवणं हीसुद्धा त्यांच्या मदतीची कदर आहे. अचानक फोन गेला आणि सरांना तुमची बॅच आठवली नाही, तर दोष त्यांचा नाही.

पेढे, शेंगाचटणी, चादर: काय द्यायचं, कधी द्यायचं नाही

नियम एकच आणि कडक: निर्णय व्हायच्या आधी निवड करणाऱ्याला काहीही द्यायचं नाही. पाव किलो पेढेही नाहीत, दिवाळीची मिठाईही नाही. खासगी कंपनीत त्यामुळे प्रामाणिक अधिकारी तुमच्यापासून लांब पळतो. सरकारी किंवा निमसरकारी जागेत तर प्रश्न कायद्याचा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही त्यात स्वतंत्र गुन्हा झालं आहे. "साहेबांना आभार म्हणून पाकीट द्यावं लागेल" असं सांगणारा मध्यस्थ भेटला तर तिथून उठा. ते आभार नव्हेत, आणि बहुतेक वेळा तिथं नोकरीही नसते.

नोकरी लागल्यावर, निवड करणाऱ्यांना सोडून, ज्यांनी वाट दाखवली त्यांना जरूर काही न्या. किंमत कमी आणि माया जास्त असं बघा. गावात पाव किलो पेढे पुरतात. पुण्यात ज्याच्या खोलीवर चार वेळा राहिलात त्याला पेढ्यांपेक्षा अर्धा किलो उखळात कुटलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी जास्त गोड लागेल. चटणीला तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत बांधून मग डब्यात ठेवा, नाहीतर बॅगेतल्या कागदपत्रांना डाग लागतो. कडक भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवा. महिनाभर राहू दिलं असेल तर एक सोलापुरी चादर द्या. २००५ सालापासून तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि ती वर्षानुवर्षं अंगावर राहते. सरांना वस्तूपेक्षा रुजू झाल्याच्या पत्राची प्रत दाखवा. विभागात पुढच्या मुलांना सांगायला ती त्यांना उपयोगी पडते.

वर्षभर धागा कसा ठेवायचा

तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. आपले सण त्यासाठी सोयीचं निमित्त आहेत: दसऱ्याचं सोनं किंवा दिवाळी, आणि जानेवारीत संक्रांत नि गड्ड्याची जत्रा. पण फॉरवर्ड केलेलं शुभेच्छांचं चित्र जमेत धरू नका. त्या दिवशी प्रत्येकाकडे अशी पन्नास चित्रं येतात. दोन ओळी स्वतः लिहा: "तिळगूळ घ्या काका. तुम्ही सांगितलेला टॅलीचा कोर्स डिसेंबरात संपला."

कामधंद्याचा हंगामही बघा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणून तिथल्या माणसाला श्रावण-भाद्रपदात फोन करावा. हंगाम सुरू झाल्यावर त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. शाळेच्या गणवेशाची युनिट्स जून उजाडेपर्यंत घाईत असतात. तिथं एप्रिलमध्ये गप्पा मारायला जाऊ नका, पण जास्तीचे हात लागतात म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत विचारणा करा.

आणि नुसतं घेत राहू नका. बेरोजगार माणसाकडेही देण्यासारखं असतं. तुम्हाला न जमलेली जागा योग्य माणसाला सांगा, परीक्षेच्या तारखेचा बदल कळवा, काकांच्या मुलीला बायोडाटा टाइप करून द्या. वहीत यासाठी सातवा रकाना आखलात तर उत्तम.

नोकरी लागल्यानंतरचा आठवडा

ऑर्डर हातात आली की पहिल्या सात दिवसांत वही पहिल्या पानापासून उघडा आणि प्रत्येकाला कळवा, ज्यांच्या मदतीतून काहीच निघालं नाही त्यांनाही. हे बहुतेकजण चुकवतात. फक्त शेवटच्या दुव्याला पेढे जातात. ज्या काकूंनी तीन ठिकाणी बायोडाटा दिला आणि तिन्ही ठिकाणी नकार आला, त्यांचे कष्ट कमी नव्हते. "काकू, तुम्ही दिलेल्या ठिकाणी नाही झालं, पण तिथल्या मुलाखतींमुळे बोलायची भीती गेली. आता चिंचोळीत लागलो." असं सांगितलं तर पुढच्या मुलासाठी त्या पुन्हा चार दारं वाजवतील.

रुजू झाल्यावर महिन्याभरानं शब्द टाकणाऱ्याला एकदा फोन करा: काम काय आहे, वरिष्ठ कोण, जमतंय का. मालक त्यांना भेटला तर त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

आणि काही कारणानं तीन-चार महिन्यांतच ती नोकरी सोडायची वेळ आली, तर राजीनामा टाइप करण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे जा. कारण खरं सांगा: पगार वेळेवर होत नाही, पाळी झेपत नाही, दुसरीकडे चांगली संधी आली, जे असेल ते. नोटीस पूर्ण करणार आहात आणि हातातलं काम कुणाला समजावून देणार आहात, हेही सांगा. ते कदाचित नाराज होतील. पण ही बातमी मालकाच्या तोंडून कळली असती तर त्यांना मान खाली घालावी लागली असती. वहीत त्यांच्या नावापुढे त्या दिवशीची तारीख घाला, आणि पुढच्या ठिकाणी रुजू झाल्यावर पहिला फोन त्यांनाच लावा.